थ्री-नॉट-थ्री रायफल : सुट्या भागांची जुळणी आणि जीर्णोद्धार

थ्री-नॉट-थ्री : .३०३ इंच (७.७ मिलिमीटर) बोअरची, हाताने बोल्ट मागे-पुढे करून चालवायची ली-एन्फिल्ड रायफल. पोलीस मुख्यालयाचा पहारा, ट्रेझरीबाहेरचा गार्ड, एनसीसीची परेड : महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्यांनी ‘बंदूक’ म्हणून जवळून पाहिली ती हीच. तिचा इतिहास या नोंदीत कामापुरताच आहे. मुख्य विषय आहे तो तिचे झिजलेले किंवा गहाळ झालेले भाग बदलून तिला मूळ रूपात आणण्याच्या कारागिरीचा.

बोल्ट आणि मॅगझिनची रचना जेम्स पॅरिस ली यांची आणि नळीतल्या पेचदार खाचा लंडनजवळच्या एन्फिल्ड कारखान्यात ठरलेल्या, म्हणून नाव ली-एन्फिल्ड. खाचा पाच, डाव्या वळणाच्या. ब्रिटिश सैन्यात ती १८९५ साली आली, आखूड नमुना १९०४ च्या सुमारास निघाला आणि १९०७ मध्ये त्याची ‘मार्क ३’ ही आवृत्ती ठरली. भारतात दिसणारी बहुतेक हत्यारे या आवृत्तीची किंवा १९१६ मध्ये सोप्या केलेल्या ‘मार्क ३ स्टार’ची असतात. बंगालमधल्या ईशापूरला अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दारूचा कारखाना होता. तिथेच १९०४ साली रायफल कारखाना उभा राहिला. दस्त्याच्या मानेवरच्या पोलादी कड्यावर मुकुट आणि ‘जीआरआय’ अक्षरे असली, की माल इंग्रजी अमदानीतला. ‘आरएफआय’ असले, की स्वातंत्र्यानंतरचा. कारखान्यात संपूर्ण दुरुस्त होऊन आलेल्या रायफलीवर ‘एफआर’ आणि सालाचा ठसा बसत असे. त्यामुळे एकाच अंगावर तीन-तीन साले सापडतात आणि नवखा संग्राहक गोंधळतो.

या रायफलीचे भाग कारखान्यात यंत्रावर, मापाबरहुकूम बनत. म्हणून एकीचा बोल्ट दुसरीत सहज बसेल असे वाटते. बसतोही, पण जुळत नाही. प्रत्येक बोल्ट त्याच्या रायफलीत घासून बसवलेला असे आणि तोच क्रमांक बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी व रिसीव्हरवर ठोकलेला असे. नळी, पुढची टोपी आणि मागच्या नेमाची पट्टी यांवरही बहुधा तोच क्रमांक असतो. पाचही ठिकाणी एकच आकडा दिसला, तर हत्याराने आपले घर सोडलेले नाही. वेगळे आकडे दिसले, तर कुठल्या तरी शस्त्रागारात दहा रायफली एकदम उघडून, साफ करून, हाताला येईल तसे जोडकाम झालेले असते. पोलीस आणि लष्कर ज्याला ‘कोत’ म्हणतात त्या खोलीत हे वरचेवर घडे.

क्रमांक जुळणे हा नुसता संग्राहकांचा चोखंदळपणा नव्हे. .३०३ चे काडतूस कडेवाले असते. ती कड नळीच्या मागच्या तोंडाशी टेकते आणि मागून बोल्टचे डोके तिला धरते. या दोहोंतली जागा लष्करी मापाने ०.०६४ ते ०.०७४ इंचांच्या दरम्यान असावी लागते. त्याहून जास्त झाली, की पितळी पुंगळी मागे ताणली जाऊन फाटते आणि तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाशी येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘नंबर ४’ रायफलीसाठी बोल्टची डोकी ० ते ३ अशा क्रमांकांची, टप्प्याटप्प्याने लांब होत जाणारी ठेवली होती. आर्मरर गेज घालून योग्य ते निवडी. जुन्या ‘मार्क ३’ला ही सोय नाही. तिथे वेगवेगळी डोकी लावून पाहायची, दगडावर घासायची, पुन्हा गेज घालायचा. सुटा भाग ‘बदलणे’ आणि ‘जुळवणे’ यांतला फरक कळायला एवढे काम पाहिले तरी पुरते.

लाकूडकामात तर हा फरक अधिकच जाणवतो. मूळ लाकूड अक्रोडाचे, अळशीच्या तेलात मुरवलेले. नळीखालचा पुढचा लांब लाकडी भाग रिसीव्हरच्या मागच्या खांद्यांना दोन छोट्या जागी टेकतो. गोळी सुटल्यावरचा सगळा धक्का त्या दोन जागा खातात. पुढे टोकापाशी स्प्रिंगवर बसलेली एक खुंटी नळीला खालून हलकेच वर ढकलत असते. नवे किंवा दुसऱ्या रायफलीचे लाकूड आणले, की या तिन्ही जागा नव्याने बसवाव्या लागतात. त्या नुसत्या डोळ्यांना बऱ्या दिसल्या म्हणून चालत नाही. काजळी लावून, टेकवून, उचलून, कुठे डाग उमटला ते पाहून, कानशीचा एकेक हात फिरवत जावे लागते. मागे जागा सैल राहिली तर लाकूड चिरते. ईशापूरच्या कारागिरांनी यावर उपाय म्हणून लाकडातून आडवा स्क्रू घातला. आज दुरून ईशापुरी रायफल ओळखायची ही एक हमखास खूण आहे. मूळ इंग्रजी बनावटीचा तुकडा म्हणून कोणी असे लाकूड लावून दाखवले, तर तो स्क्रूच चहाडी करतो.

खोलताना होणारी एक चूक इथे नोंदवायलाच हवी. मागचा दस्ता एका लांब बोल्टने आवळलेला असतो आणि त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकलेले असते, म्हणजे बोल्ट आपोआप सैल होऊ नये. पुढचे लाकूड आधी न काढता कोणी दस्त्याचा बोल्ट फिरवला, की ते चौकोनी टोक फिरते आणि शंभर वर्षांचे लाकूड आतून उभे फाटते. संग्रहालयांतल्या आणि घरच्या भिंतींवरच्या कितीतरी रायफलींना मानेपाशी जी चीर दिसते, ती लढाईतली नसते. ती स्क्रू-ड्रायव्हरची असते. त्यातच स्क्रूंचे आटे एन्फिल्डच्या स्वतःच्या मापाचे. बाजारातला स्क्रू दोन फेरे जातो आणि अडकतो. तो जोर लावून बसवला, की पुढच्या वेळी नवा स्क्रू नव्हे, नवा आटा पाडावा लागतो.

सुटे भाग कुठून येतात यावर बरेच अवलंबून असते. एनसीसीच्या कवायतीच्या ‘डीपी’ रायफली म्हणजे मुद्दाम निकामी केलेली हत्यारे. त्यांतले भाग बहुधा गेजमध्ये नापास झाले म्हणूनच तिथे पोचलेले असतात. काचेच्या कपाटासाठी ते ठीक, चालत्या हत्यारासाठी कधीच नाहीत. खैबरकडच्या दर्रा आदमखेलमधली हाताने घडवलेली नक्कलही बाजारात फिरते. तिच्यावर १९०१ साली वारलेल्या व्हिक्टोरिया राणीची मुद्रा आणि खाली १९१० च्या पुढचे साल, असा विनोद सापडतो. पोलाद मऊ असते, विनोद तिथे संपतो.

ईशापूरलाच झालेली दोन रूपांतरे जीर्णोद्धार करणाऱ्याला हमखास चकवतात. पोलीस आणि तुरुंगरक्षकांसाठी .३०३ च्या नळ्या आतून कातून .४१० ची, एकच काडतूस घेणारी, गुळगुळीत नळीची मस्केट केली जाई. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसे. हिला नवी नळी लावून पुन्हा रायफल करायचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो टाळावा. इंग्रज सरकारला आपल्याच पोलिसाच्या हाती किती पल्ल्याचे हत्यार द्यायचे होते, हे त्या ठोकळ्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. दुसरे रूपांतर १९६२ च्या चीन युद्धानंतरचे. ‘२ए’ आणि ‘२ए१’ या रायफली दिसायला थ्री-नॉट-थ्रीच, पण ७.६२ मिलिमीटरच्या कडा नसलेल्या काडतुसासाठी, अधिक बळकट पोलादात केलेल्या. मॅगझिन १० ऐवजी १२ गोळ्यांचे, रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडाही वेगळा. थ्री-नॉट-थ्रीचे आणि यांचे भाग एकमेकींत मिसळणे धोक्याचे.

.३०३ ची जुनी काडतुसे पुण्याजवळच्या खडकीची. १८६९ पासूनच्या त्या कारखान्याचा ‘केएफ’ हा ठसा पुंगळीच्या बुडावर सापडतो. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतून नळीत क्षार उरत. म्हणून गोळीबारानंतर उकळते पाणी ओतून, मग पुल-थ्रूने चिंदी ओढायची शिस्त होती. ज्या नळीला ही शिस्त लाभली नाही, तिच्या आत देवीचे वण असतात आणि त्यांवर कुठलाही सुटा भाग चालत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. .३०३ हा भारतात सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअर आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दात त्याचे भागही येतात. दुरुस्ती आणि रूपांतर या दोन्हींना कलम ५ खाली परवाना लागतो.

सरकारी सेवेत ही रायफल अपेक्षेपेक्षा फार उशिरापर्यंत राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हाती हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला निरोप दिला. सेवेतून बाद झालेल्या रायफलींपैकी ज्या संग्रहालयांत जातील त्यांच्याबाबत एक पथ्य पाळावे. नवा बसवलेला भाग आतल्या बाजूने, झाकला जाईल अशा जागी साल घालून ठसवावा आणि काढलेला जुना भाग, तुटका असला तरी, त्याच क्रमांकाच्या चिठ्ठीसह पिशवीत जपावा. ‘मार्क ३ स्टार’वर मुळात नसलेले लांब पल्ल्याचे बाजूचे नेम शोभेसाठी चढवलेली रायफल देखणी दिसते, पण १९१६ साली युद्धाच्या घाईत ते नेम का काढून टाकले होते, हे मग तिच्याकडे पाहून कोणालाच कळत नाही.