स्ट्रेप्टोमायसिनचे कूळ

स्ट्रेप्टोमायसिनची कथा सहसा १९४३ सालापासून सांगतात. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांचा विद्यार्थी आल्बर्ट शॅट्झ याने भरपूर खत घातलेल्या मातीतून आणि एका कोंबडीच्या घशातून स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूचे दोन वाण वेगळे काढले आणि क्षयाच्या जंतूला रोखणारे औषध हाती आले. पुढे श्रेयावरून गुरुशिष्यांचे प्रकरण कोर्टात गेले, तडजोडीत शॅट्झला सहशोधक मानले गेले, १९५२चे नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळाले. (१९४४च्या मूळ शोधनिबंधावर एलिझाबेथ बुगी यांचेही नाव आहे, त्यांची आठवण क्वचितच निघते.) भांडण रंजक खरे, पण त्यातून औषधाचे कूळ कळत नाही. ते शोधायचे तर आधी हे विचारावे लागते, की इतर जिवाणूंची प्रथिने बनवण्याची यंत्रणाच बिघडवणारे हे विष तयार करणारा जिवाणू स्वतः कसा तगतो?

पेशीच्या आत तो या रेणूवर फॉस्फेट चढवून ठेवतो, त्यामुळे विष निष्प्रभ राहते. बाहेर टाकताना फॉस्फेट उतरवले जाते. बाहेरचे विष परत आत शिरलेच, तर त्यावर पुन्हा फॉस्फेट चढवणारे एन्झाइम तयारच असते. त्या एन्झाइमचे जनुक औषध बनवणाऱ्या जनुकांच्याच घोळक्यात बसलेले आहे. बेनव्हेनिस्ट आणि डेव्हिस यांनी १९७३मध्ये दाखवले, की रुग्णांमधले औषधांना दाद न देणारे, म्हणजे प्रतिरोधी, जिवाणू स्ट्रेप्टोमायसिनच्या वर्गातली औषधे ज्या प्रकारच्या एन्झाइमांनी निकामी करतात, तशीच एन्झाइमे स्ट्रेप्टोमायसिसमध्येही आहेत. कॅनडाच्या युकॉन प्रांतातल्या ३०,००० वर्षे जुन्या गोठलेल्या मातीतही प्रतिरोधाची जनुके सापडल्याचे २०११मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा प्रतिरोध हे इस्पितळांचे अपत्य, हा समज सोडून द्यावा. औषध आणि प्रतिरोध ही एकाच मातीतली भावंडे आहेत.

मग मनमानी औषधे देणारे आणि घेणारे निर्दोष सुटले काय? मुळीच नाही. मरे नावाच्या जिवाणुशास्त्रज्ञाने १९१७ ते १९५४ या काळात जमवलेले रोगजंतू ह्यूज आणि दत्ता यांनी १९८३मध्ये तपासले. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारी प्लास्मिडे, म्हणजे डीएनएची छोटी वर्तुळे, त्यांच्यात तेव्हाही होती, पण त्यांवर प्रतिरोधाची जनुके जवळपास नव्हतीच. जनुके मातीत होती, वाहनेही तयार होती. त्यांत जनुके भरून जगभर धाडण्याचे काम आपल्या औषधवापराने केले. दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. क्षयाचा जंतू मातीतून काही उसने घेत नाही, स्वतःच्याच जनुकांत बदल होऊन तो स्ट्रेप्टोमायसिनला जुमानेनासा होतो. हे मान्यच करायला हवे. सगळा प्रतिरोध मातीतला नव्हे. क्षयरुग्णांवरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८च्या ब्रिटिश चाचणीतच हे दिसले. तिथे सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ जणांपैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४. तरीही औषध घेणाऱ्या अनेकांच्या अंगातले जंतू लवकरच निर्ढावले. त्यावर पॅस हे दुसरे औषध जोडीला देऊन तोड काढली गेली, आणि क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची आजची रीत तिथूनच पडली.