तोंडावरील पट्टी : सुतापासून प्लास्टिकपर्यंत

इ. स. २०२० च्या फेब्रुवारी महिन्यांत हाँगकाँगच्या नैर्ऋत्येस असलेल्या सोको नांवाच्या ओसाड बेटांवर समुद्रांतील कचऱ्याची पाहणी करणारी कांहीं मंडळी उतरली. शंभर मीटर लांबीच्या किनाऱ्यावर त्यांस सुमारें ७० मुखपट्ट्या सांपडल्या. कोरोनाच्या सांथीमुळें हाँगकाँगचे लोक सर्रास मुखपट्ट्या वापरूं लागून तेव्हां जेमतेम सहा आठवडे झाले होते.

एवढ्या थोड्या अवधींत माणसाच्या तोंडावरून निघून निर्मनुष्य बेटाच्या वाळूंत जाऊन पडणारी ही वस्तु मूळची अशी नव्हती. मुखपट्टी, रबरी हातमोजे इत्यादि संरक्षक साधनें सव्वाशें वर्षांपूर्वीं इस्पितळांत आलीं, आणि पहिलीं साठ-सत्तर वर्षें तीं धुऊन, उकळून, दुरुस्त करून पुनः पुनः वापरलीं जात. एकदां वापरून फेकण्याची रीत मागाहून आली. ती कोणत्या कारणांनीं आली आणि तिचा भार कोणावर पडला, हें पाहण्यासारखें आहे.

हातमोज्यांची कथा अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळांत सुरू होते. १८८९-९० च्या सुमारास तेथील शस्त्रवैद्य विल्यम हाल्स्टेड यांच्या हाताखालीं कॅरोलाइन हॅम्प्टन नांवाची परिचारिका होती. हात निर्जंतुक करण्यासाठीं तेथें पाऱ्याचें एक द्रावण वापरीत. त्यानें तिच्या हातांची कातडी सोलवटूं लागली. तेव्हां हाल्स्टेड यांनीं गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठीं पातळ रबराचे हातमोजे करवून घेतले. पुढें १८९० सालीं दोघांचा विवाह झाला. एका परिचारिकेच्या त्रासावर काढलेला हा उपाय हळूहळू सर्व शस्त्रक्रियागृहांत रूढ झाला. हे मोजे वापरल्यावर धूत, छिद्र पडलें असल्यास ठिगळ लावीत, वाफेनें शुद्ध करीत आणि पुरते निकामी होईपर्यंत वापरीत. परिचारिकांच्या नित्याच्या कामांत हेंहि एक काम असे.

मुखपट्टीचा उगम १८९७ सालचा. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फ्ल्यूगे यांनीं असें दाखविलें होतें कीं, मनुष्य नुसता बोलला तरी त्याच्या तोंडांतून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर रोगजंतु बाहेर पडतात. त्यावरून ब्रेस्लौ येथील शस्त्रवैद्य योहान मिकुलिच यांनीं गॉज नांवाच्या विरळ विणीच्या सुती कापडाची पट्टी तोंडावर बांधून शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं पॅरिस येथें पॉल बेर्झे यांनींहि तोच मार्ग धरला. रोग्याच्या उघड्या जखमेंत डॉक्टरच्या तोंडचे जंतु जाऊं नयेत, एवढाच तेव्हां तिचा हेतु होता.

डॉक्टरचेंच रक्षण करण्यासाठीं ती पट्टी प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती मांचुरियांत. महाराष्ट्रानें १८९६ पासून जो प्लेग सोसला, तो मुख्यतः गांठीचा व उंदरांवरील पिसवांमुळें पसरणारा होता. परंतु १९१० च्या हिंवाळ्यांत हार्बिन शहरीं जो प्लेग उद्भवला तो फुप्फुसांचा होता. पेनांग येथें जन्मलेले व केंब्रिज येथें शिकलेले डॉ. वू लिएन-ते हे तेव्हां अवघे ३१ वर्षांचे होते. हा रोग रोग्याच्या खोकल्यावाटे पसरतो, असें त्यांनीं ओळखलें. गॉजच्या घड्यांत कापूस घालून ती पट्टी डोक्यामागें घट्ट बांधावी, अशी साधी व स्वस्त मुखपट्टी त्यांनीं योजिली. वयानें व अनुभवानें वडील असलेल्या मेनी नांवाच्या फ्रेंच डॉक्टरांस हें मत पटलें नाहीं. ते मुखपट्टी न बांधतां रोग्यांस तपासावयास गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगनेंच मरण पावले. त्यानंतर हार्बिनमध्यें पट्टीविषयीं वाद उरला नाहीं. त्या सांथींत सुमारें ६०,००० माणसें दगावलीं; १९११ च्या वसंत ऋतूंत ती आटोक्यांत आली.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झानें मुखपट्टी घरोघर नेली. हिंदुस्थानांत त्या तापानें एक कोटीहून अधिक लोक मेले. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को शहरानें पट्टी बांधण्याची सक्ती केली, आणि रेड क्रॉसच्या स्त्रियांनीं ढिगांनीं पट्ट्या शिवल्या. सूत हेंच तेव्हां तिचें द्रव्य होतें. पुढें इस्पितळांतून सुती मुखपट्ट्या व अंगरखे यांची व्यवस्था लागली. ते धोबीखान्यांत जात, वाफेच्या भांड्यांत निर्जंतुक होत आणि घडी घालून परत कपाटांत येत. वारंवार धुण्यानें कापडाची वीण आवळते व गाळण्याचा गुण वाढतो, असेंहि अभ्यासकांस आढळलें होतें.

हा क्रम मोडला तो १९६० नंतरच्या दशकांत. इटलींतील रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नाट्टा यांनीं १९५४ सालीं पॉलिप्रॉपिलीन नांवाचें प्लास्टिक सिद्ध केलें. १९६३ सालीं त्यांस कार्ल त्सीग्लर यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. हें प्लास्टिक वितळवून, गरम हवेच्या झोतानें त्याचे केंसाहूनहि बारीक तंतु काढतां येतात, आणि ते न विणतां एकमेकांवर बसवून कापडासारखा पापुद्रा होतो. त्याची मुखपट्टी हलकी, स्वस्त आणि सूक्ष्म कण अडविण्यांत तरबेज असते. मात्र ती उकळत्या पाण्यांतून व साबणांतून काढली कीं बिघडते. म्हणून ती एकदां वापरून टाकावयाची ठरली.

या बदलास सबळ कारणेंहि होतीं. नीट न उकळलेल्या सुईवाटे कावीळ एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जात असे, त्यामुळें एकदांच वापरावयाच्या सुईनें अनेकांचे प्राण वांचले. १९८० नंतर एड्सच्या भयानें हातमोज्यांचा वापर अतोनात वाढला, तोहि योग्यच होता. परंतु केवळ सुरक्षितता हें एकच कारण नव्हतें. धोबीखान्याचा पगार वांचावा, परिचारिकांचा वेळ वांचावा, हा इस्पितळांचा हिशेब होता. आणि टाकलेल्या प्रत्येक वस्तूच्या जागीं नवी वस्तु विकली जावी, हा कारखानदारांचा होता. हे दोन्ही हिशेब जुळले आणि सुती पट्टी मागें पडली. ती सुधारावी कशी, याचा शोधहि बहुतेक थांबला.

या परावलंबनाची किंमत २०२० सालीं कळून आली. जगांतील सुमारें निम्मा पुरवठा चीनमधून होत होता. तो अडखळतांच श्रीमंत देशांतील इस्पितळांसहि मुखपट्ट्या मिळेनाशा झाल्या. फेकण्यासाठींच केलेल्या एन-९५ मुखपट्ट्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेनें शुद्ध करून पुनः वापरण्यास अमेरिकेच्या सरकारनें मार्च महिन्यांत परवानगी दिली. महाराष्ट्रांत बचत गटांच्या स्त्रियांनीं सुती पट्ट्या शिवून गांवोगांव पुरविल्या. शंभर वर्षांपूर्वींचीच युक्ति अडचणींत पुनः कामास आली.

पुरवठा सुरळीत झाला तसा कचऱ्याचा डोंगर वाढला. मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१ या काळांत संयुक्त राष्ट्रांच्या एका योजनेंतून सुमारें ८७,००० टन संरक्षक साहित्य निरनिराळ्या देशांस पाठविलें गेलें, आणि त्यांतील बहुतेक अखेर कचऱ्यांत जाणार, असें जागतिक आरोग्य संघटनेनें फेब्रुवारी २०२२ मध्यें नमूद केलें. प्लास्टिक कुजत नाहीं. उन्हानें व लाटांनीं त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे तंतु होतात आणि ते पाण्यांत मिसळतात. हॉलंडमधील लायडेन शहरच्या कालव्यांत २०२० च्या ऑगस्टमध्यें स्वच्छता करणाऱ्यांस रबरी हातमोज्याच्या अंगठ्यांत अडकून मेलेला एक मासा सांपडला. परिचारिकेच्या हातांचें रक्षण करण्यासाठीं जन्मलेली वस्तु त्या माशाला सांपळा झाली.

भारतांत अशा कचऱ्याविषयीं १९९८ पासून नियम असून २०१६ सालीं ते नव्यानें करण्यांत आले. जाळावयाच्या वस्तु पिंवळ्या पिशवींत व निर्जंतुक करून पुनः उपयोगांत आणावयाचें प्लास्टिक तांबड्या पिशवींत, अशी ही व्यवस्था आहे. सांथीच्या काळांत घरगुती मुखपट्ट्या कापून, ७२ तास कागदी पिशवींत ठेवून मग टाकाव्या, असेंहि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें सांगितलें होतें. जून ते डिसेंबर २०२० या सात महिन्यांत देशांत कोरोनाचा सुमारें ३३,००० टन वैद्यकीय कचरा जमला, आणि त्यांत महाराष्ट्राचा वांटा सर्वांत मोठा होता. पण पुष्कळ घरांतून ती पट्टी ओल्या-सुक्या कचऱ्यांतच गेली, आणि ती निवडून वेगळी करण्याचें काम सफाई कामगाराच्या हातीं आलें. त्या हातांत मोजे असत किंवा नसतहि.

एप्रिल २०२१ मध्यें जळगांवजवळ एका गादीच्या कारखान्यांत पोलिसांस असें आढळलें कीं, गाद्यांत कापसाच्या ऐवजीं वापरलेल्या मुखपट्ट्या भरल्या जात आहेत. तो ढीग जाळून नष्ट करावा लागला. खानदेश हा कापसाचा मुलूख. डॉ. वू यांनीं ज्या कापसाच्या घडीनें प्लेग अडविला, तो कापूस ज्या शेतांत पिकतो, त्याच शेतांच्या शेजारीं हा प्रकार घडला.

जुन्या इस्पितळांत वापरलेली पट्टी निर्धोक करण्याचें काम कोणाचें, हें ठरलेलें असे; त्यास पगार होता आणि त्यावर देखरेख होती. वस्तु फेकूं लागल्यावर तें काम संपलें असा समज झाला. प्रत्यक्षांत तें इस्पितळाच्या फाटकाबाहेर गेलें, आणि कचरा वेंचणाऱ्यांवर, नदीवर व समुद्रावर येऊन पडलें. पुढील सांथ केव्हां येईल तें कोणास सांगतां येणार नाहीं. पण ती येईल तेव्हां मुखपट्ट्या किती लागतील याच्या हिशेबाबरोबरच, उतरविलेली प्रत्येक पट्टी कोण उचलणार व कोठें नेणार, याचाहि हिशेब आधींच मांडून ठेवला पाहिजे. जेथें धुऊन चालते तेथें धुवावी, जेथें फेकणें अटळ आहे तेथेंच फेकावी, आणि ती उचलणाऱ्याच्या हातांत प्रथम मोजे द्यावेत. हाल्स्टेड यांनीं पहिले मोजे करविले तेहि हाताखालीं काम करणाऱ्या एका व्यक्तीचे हात सोलवटले म्हणूनच.