लावलेली देवराई

देवराईत कोयता नेऊ नये, ही आज्ञा कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हती. तरी कोकणात व गोमंतकात ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. पण मनुष्याने हाताने लावलेल्या वनास ही प्रतिष्ठा लाभू शकेल काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस टोकियोत सापडते.

सम्राट मेइजी १९१२ साली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ योयोगी येथे देवालय उभारण्याचे ठरले. जागा सुमारे ७० हेक्टर. पुष्कळशी शेते, गवत आणि पाणथळ. पंतप्रधान ओकुमा यांची इच्छा निक्कोसारख्या उंच सुगी वृक्षांची होती. होंडा सेइरोकु, होंगो ताकानोरी व उएहारा केइजी या वनशास्त्रज्ञांनी ती मानली नाही. या मातीत आणि शहराच्या धुरात सुगी तगणार नाही, असे त्यांनी सांगितले. सत्तेपुढे असे बोलणारे तज्ज्ञ आम्हांस फार थोडे आढळले आहेत! त्यांनी ओक, शिई, कापूर असे रुंद पानांचे सदाहरित वृक्ष निवडले. आरंभी उंच पाइन डोके वर काढतील, पुढे त्यांच्या सावलीत वाढलेले ओक व कापूर त्यांची जागा घेतील आणि शंभर-दीडशे वर्षांत वन आपले आपण चालेल, अशी ती योजना होती. देशभरातून सुमारे एक लाख झाडे दान आली. लावण्यास हजारो तरुण स्वयंसेवक धावले. १ नोव्हेंबर १९२० रोजी प्रतिष्ठापना झाली.

विलक्षण हे की, त्याच काळात सरकार १९०६ च्या धोरणाने लहान देवालये एकत्र करीत होते, आणि त्यांची जुनी वने कुऱ्हाडीखाली जात होती. त्याविरुद्ध झगडणारे मिनाकाता कुमागुसू १९१० मध्ये तुरुंगातही गेले.

२०११ ते २०१३ च्या पाहणीत योयोगीच्या वनात सुमारे ३,००० जाती आढळल्या. वाटेवरची पाने झाडून पुन्हा वनातच टाकतात.

हल्ली झाडे लावून धुराची भरपाई केल्याचे सांगतात. क्योटो कराराखाली वनरोपणाचे श्रेय मुदतीचेच ठरवावे लागले, कारण झाड जळते, तोडलेही जाते. वकील या नात्याने आम्हांस हे रास्त वाटते: जे तारण उद्या नाहीसे होईल, त्यावर कायमचे कर्ज कोण देईल?

आमच्या एका देवस्थानच्या सभेत मंडप वाढविण्यासाठी राईचा कोपरा तोडण्याचा ठराव आला, तेव्हा आम्ही हजर होतो. जमीन कोणाची, एवढेच आम्ही विचारले. ‘देवाची’, असे उत्तर आले. ठराव संमत झाला. विरुद्ध हात आम्हीही वर केला नाही.