ध्रुवावरची गर्दी आणि सणसवाडीचा कांदा

मे महिन्यात सणसवाडीला काकांकडे गेलो होतो. शेतात कांदा काढून पडलेला, नगर रोडच्या अंगाने ढग चढत होते आणि मोबाइल सांगत होता, "पुणे: कोरडे". काका म्हणाले, "आरं, तुमच्या कंप्युटरला सणसवाडी दिसती का?"

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. हवामानाचं मॉडेल पृथ्वीवर जाळी टाकतं आणि तिच्या प्रत्येक बिंदूपाशी वारा, दाब, तापमान, बाष्प यांचं गणित करतं. जाळीचं एक घर 12 किमीचं असेल, तर सणसवाडी आणि शिक्रापूर सहज एकाच घरात बसतात. मग घरं लहान करा ना! पण अंतर निम्मं केलं की बिंदू चौपट, शिवाय वेळेची पावलंही निम्मी टाकावी लागतात. म्हणजे काम आठपट.

ही जाळी पहिल्यांदा हाताने विणली ती लुई फ्राय रिचर्डसनने, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अँब्युलन्स चालवता चालवता. त्याची घरं साधारण 200 किमीची. 6 तासांत दाब 145 मिलिबारने बदलेल असं त्याचं उत्तर आलं. प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. दोष जाळीचा नव्हता, सुरुवातीची निरीक्षणंच समतोल नव्हती. पण पठ्ठ्याने 1922 साली चुकलेलं गणित पुस्तकात जसंच्या तसं छापलं. (आमच्याकडे असा बग रिपोर्ट कोणी लिहीत नाही!)

जाळीची खरी अडचण वेगळीच होती. विषुववृत्ताचा घेर सुमारे 40,000 किमी. दर 6.5 किमीवर एक बिंदू धरला तर साधारण 6,150 बिंदू होतात. तेवढेच बिंदू प्रत्येक अक्षवृत्तावर ठेवले तर ध्रुवापासून 5 किमीवरच्या वर्तुळात, जिथे घेर जेमतेम 31 किमी, दोन बिंदूंत 5 मीटर अंतर उरतं. तिथे राहतं कोण? आणि 1928 साली कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी दाखवलंच होतं की साध्या पद्धतीत घर जितकं लहान, तितकं वेळेचं पाऊलही लहान टाकावं लागतं. म्हणजे ध्रुवावरच्या त्या फुकटच्या गर्दीपायी सगळी पृथ्वी रांगणार.

मग बिंदू गाळायला सुरुवात झाली. योशियो कुरिहारा यांनी 1965 मध्ये ध्रुवाकडे बिंदू कमी करत जाणारी जाळी मांडली. पुढे 1991 मध्ये होर्ताल आणि सिमन्स यांनी हीच कल्पना युरोपीय केंद्राच्या मॉडेलसाठी बसवली. त्याच केंद्राने 2016 मध्ये अष्टफलकी जाळी आणली: ध्रुवाजवळच्या वर्तुळात फक्त 20 बिंदू, पुढच्या प्रत्येक वर्तुळात 4 जास्त. कागदावर बेरीज करून बघा, एकूण बिंदू जवळपास निम्मे होतात आणि विषुववृत्ताकडे काही गमवावं लागत नाही.

आता पुण्यात या. पाषाणच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे 1962 साली सुरू झालेल्या उष्णदेशीय हवामान संस्थेत, याच जातीच्या जाळीवर 'भारत फोरकास्ट सिस्टिम' तयार झाली. मे 2025 मध्ये ती हवामान खात्याच्या सेवेत आली. 12 किमीचं घर सुमारे 6 किमीचं झालं. त्यामागे 11.77 पेटाफ्लॉप्सचा 'अर्का' आहेच, पण उत्तर ध्रुवावरून गाळलेले बिंदूही आहेत.

हे सगळं काकांना शेताच्या बांधावर बसून सांगितलं. "म्हंजे आता दिसती?"

म्हटलं, दिसते, पण धूसर. वळवाचा एखादा ढग 6 किमीच्या घरातही हरवतो, आणि नीट आकार दिसायला एका घराने भागत नाही, सलग बरीच घरं लागतात.

"मग ताडपत्री धर," काका म्हणाले. दुसरं टोक मी धरलं.