अक्का : कैदखान्याचे झाले तीर्थ

इस्रायलच्या उत्तर किनाऱ्यावर, भूमध्य समुद्रात घुसलेल्या एका भूशिरावर अक्का हे तटबंदीचे प्राचीन बंदर आहे. धर्मयुद्धांच्या काळात युरोपातून जेरुसलेमला निघालेले ख्रिस्ती यात्रेकरू येथेच जहाजातून उतरत. शहरातील कोणत्या चर्चला भेट दिल्यास किती दिवसांची पापक्षमा मिळते, याची तेराव्या शतकातील एक जुनी फ्रेंच यादीही उपलब्ध आहे. १२९१ मध्ये मामलुकांनी शहर जिंकले आणि ती वाट मोडली. पुढे १७९९ मध्ये नेपोलियनलाही ही तटबंदी भेदता आली नाही. मात्र आज जगाच्या कानाकोपऱ्यांतून भाविक अक्काला येतात ते एका कैद्यासाठी.

बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांचा जन्म १८१७ मध्ये तेहरानमध्ये झाला. ज्यांच्या आगमनाची ग्वाही बाब यांनी दिली होती ते आपणच, असे त्यांनी १८६३ मध्ये बगदादमध्ये जाहीर केले. स्वतः बाब यांना इराणच्या सत्ताधीशांनी १८५० मध्येच गोळ्या घालून ठार केले होते. तेहरानहून बगदाद, तेथून इस्तंबूल, मग एदिर्ने असा बहाउल्लांचा हद्दपारीचा प्रवास झाला. अखेरीस तुर्की सुलतान अब्दुल अजीज यांच्या फर्मानाने ३१ ऑगस्ट १८६८ रोजी कुटुंबीय व अनुयायी अशा सुमारे सत्तर जणांसह त्यांना अक्काच्या समुद्री दरवाजाने आत आणण्यात आले. शिक्षा होती जन्मभराच्या कैदेची. अक्काची हवा त्या काळी इतकी कुप्रसिद्ध होती, की शहरावरून उडणारा पक्षीही मरून पडतो असे म्हटले जाई. किल्ल्यातील लष्करी बराकीत कोंडलेल्यांपैकी बहुतेक जण आजारी पडले, तिघे दगावले.

या यात्रेचा आरंभ याच बराकीपाशी झाला. इराणमधून भाविक डोंगर आणि वाळवंट तुडवीत महिनोन्‌महिने पायी येत. वेशीवर ओळखले गेले की त्यांना परत पाठवले जाई. काही जण मग तटाबाहेरच्या खंदकापलीकडे उभे राहून कोठडीच्या खिडकीकडे टक लावून बघत. खिडकीतून हललेला हात दिसला तरी जन्माचे सार्थक झाले असे मानून ते आल्या वाटेने परतत. एवढ्या पायपिटीनंतर पदरात एवढेच पडे, आणि तरीही येणाऱ्यांचा ओघ आटला नाही.

जून १८७० मध्ये बहाउल्लांचे बावीस वर्षांचे पुत्र मिर्झा मेहदी संध्याकाळी गच्चीवर प्रार्थना म्हणत येरझाऱ्या घालीत असता उघड्या झरोक्यातून खाली कोसळले. मरणापूर्वी त्यांनी वडिलांकडे मागणे मागितले ते स्वतःच्या प्राणांचे नव्हे, तर वेशीवरून परत फिरणाऱ्या यात्रेकरूंना दर्शन घडावे याचे, असे बहाई परंपरा सांगते. चारच महिन्यांनी सैन्याला बराकीची गरज भासली आणि कैद्यांना शहरातील घरांत हलवण्यात आले. इतिहासकार याचे कारण सैन्याच्या हालचालींत शोधतील. यात्रेकरू मात्र आजही त्या झरोक्याच्या जागेपाशी थबकतात.

शहरातील घरही ऐसपैस नव्हते. एका खोलीत तेरा माणसे राहत होती. तेथेच सुमारे १८७३ मध्ये ‘किताब-ए-अकदस’ हा बहाई धर्माचा विधिग्रंथ सिद्ध झाला. हा ग्रंथ पहिल्यांदा छापला गेला तो १८९०-९१ मध्ये मुंबईत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. तेहरान वा इस्तंबूलमध्ये ज्याचा उच्चारही धोक्याचा होता, ते मुंबईच्या छापखान्यातून अरबी लिपीत बाहेर पडले. या शहराच्या इतिहासात या घटनेची नोंद अधिक ठळकपणे व्हायला हवी होती.

नऊ वर्षे तटबंदीच्या आत काढल्यानंतर, आपण हिरवळ पाहिली नसल्याचे बहाउल्लांनी बोलून दाखवले. फर्मान रद्द झालेले नव्हते, पण कैद सैल झाली होती. १८७७ मध्ये ते शहराबाहेर मज्रा येथे आणि दोन वर्षांनी बहजी येथील वाड्यात राहावयास गेले. २९ मे १८९२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वाड्यालगतची त्यांची समाधी हाच बहाईंचा किबला. जगात कोठेही असले तरी रोजच्या अनिवार्य प्रार्थनेच्या वेळी ते या दिशेला तोंड करतात.

वास्तविक ‘अकदस’मध्ये सांगितलेली यात्रा अक्काची नाहीच. ती आहे शिराझमधील बाब यांच्या घराची आणि बगदादमधील बहाउल्लांच्या घराची. शिराझचे घर १९७९ मध्ये पाडण्यात आले, तर बगदादचे २०१३ मध्ये जमीनदोस्त झाले. त्यामुळे भाविकांच्या वाट्याला आली ती हैफा आणि अक्का येथील जियारत. तिचा क्रम नऊ दिवसांचा असून त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. २०२० च्या साथीत आणि २०२३ च्या युद्धात तिच्यात खंड पडला होता.

हैफाहून उपसागराला वळसा घालून यात्रेकरू अक्काला येतात. किल्ल्यातील कोठडी, अब्बूद यांचे घर आणि अब्दुल्ला पाशा यांचे घर ही येथील मुख्य स्थाने. बाब यांचे पार्थिव अवशेष गुप्तपणे १८९९ मध्ये अक्काला आणले गेले, ते या पाशांच्या घरातच दडवून ठेवले होते. १९०९ मध्ये हैफाच्या कार्मेल पर्वतावर त्यांचे दफन झाले.

बहजीला ना पुरोहित, ना नैवेद्य, ना दक्षिणा. बागेतील पायवाटेने जायचे, पादत्राणे बाहेर काढायची आणि उंबरठ्यापाशी शांतपणे प्रार्थना करायची. निघताना समाधीकडे पाठ न करता अनेक जण उलट पावली बाहेर येतात. बहाउल्लांचे ज्येष्ठ पुत्र अब्दुल बहा यांनी तरुणपण याच शहरात कैदी म्हणून घालवले आणि १९०८ मध्ये तुर्कस्तानातील क्रांतीनंतरच ते मुक्त झाले. त्यांच्या समाधिमंदिराचे बांधकाम २०१९ मध्ये अक्काच्या वेशीबाहेर सुरू झाले. त्याच्या जवळच रिजवान बाग आहे. कैद सैल झाल्यावर बहाउल्ला तेथे ओढ्याकाठी तुतीच्या झाडांखाली बसत असत.