विरळ हवा आणि खाणमजूर

डोंगर चढताना धाप लागते, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. परंतु कळसूबाईच्या माथ्यावर, म्हणजे १,६४६ मीटरांवर, जी धाप लागते ती बहुतांशी चढणीच्या श्रमाची असते. हवेचा दोष त्यात थोडा. याच्या अडीचपट उंचीवर मात्र नवखा माणूस नुसता बसून राहिला तरी त्याचे डोके ठणकते, अन्न नकोसे होते आणि झोप उडते. हा विषय वैद्यांचा आणि गिर्यारोहकांचा. कामगार चळवळीतल्या माणसाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे शिक्षण गिरणीच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेथे वाचता वाचता आम्हांला दिसले ते असे, की उंचीचे हे शास्त्र पुष्कळसे खाणमजुरांच्या देहावरून लिहिले गेले आहे. तो इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम शास्त्र थोडक्यात पाहू. हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. समुद्रकाठी तितकाच, पर्वतशिखरावरही तितकाच. कमी होतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटरांवर तो निम्म्यावर येतो, आणि एका श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच मानाने घटतो. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या ग्रंथात हे प्रयोगांनी सिद्ध केले. शरीर या उणिवेशी झगडते. श्वास जलद होतो, हृदय वेगाने धावते. मूत्रपिंडांकडून इशारा मिळून हाडांतील मज्जा तांबड्या पेशी अधिक निर्माण करू लागते. व्हियो नावाचा दुसरा फ्रेंच शास्त्रज्ञ १८८९ साली पेरूमधील मोरोकोचा या खाणीच्या गावी गेला. त्याने स्वतःचे रक्त तपासले, तेव्हा घन मिलिमीटरमागे सुमारे ५० लाख असलेल्या पेशी काही आठवड्यांत ७० लाखांच्या वर गेलेल्या त्याला आढळल्या.

आता हे शास्त्र खाणीच्या गावीच का गेले, ते पाहा. अँडीज पर्वतात इतक्या उंचीवर माणसे मोठ्या संख्येने राबत होती ती धातूसाठी. १५४५ साली पोतोसीला रुप्याचा डोंगर सापडला. ते शहर ४,००० मीटरांच्या वर आहे. १५७० नंतरच्या दशकात स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदो याने तेथे वेठीची पद्धत बसवली. दरवर्षी सुमारे १३ हजार मूळ रहिवासी पाळीपाळीने खाणीत धाडण्याचा हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकला. वेठीची माणसे आणली जात ती पठारावरच्या गावांतून, त्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली. समुद्रकाठची माणसे तेथे टिकत नाहीत, हे सत्ताधाऱ्यांना शास्त्राच्या आधीच ठाऊक झाले होते.

विसाव्या शतकात पेरूतील सेरो दे पास्को येथे, सुमारे ४,३०० मीटरांवर, अमेरिकन भांडवलाची तांब्याची मोठी खाण चालू झाली. १९२१-२२ मध्ये केंब्रिजचे प्रोफेसर बार्क्रॉफ्ट तेथे आपली तुकडी घेऊन गेले. माणूस मोठा निष्ठावंत. विरळ हवेचा परिणाम पाहण्यासाठी आधी स्वतः सहा दिवस काचेच्या बंद खोलीत राहिलेला. परंतु त्यांनी निष्कर्ष काढला, की उंचीवर राहणारा प्रत्येक मनुष्य शरीराने आणि बुद्धीनेही उणा असतो. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंखे यांना हे पटले नाही. ते १९२७ साली आपली तुकडी घेऊन डोंगरात गेले आणि त्यांनी उत्तर दिले: पाहुणे स्वतःच विरळ हवेने आजारी होते, आपल्या अशक्तपणाच्या मापाने त्यांनी इतरांना मोजले. ज्या उंचीवर पाहुण्याला चालवत नाही, तेथे जो माणूस दिवसभर ओझी वाहतो त्याला दुबळा कसे म्हणावे?

मोंखे यांचा मोठेपणा असा, की ते येथेच थांबले नाहीत. सेरो दे पास्कोच्या एका रोग्यावरून त्यांनी १९२५ सालीच एक नवा विकार जगापुढे मांडला होता. वर्षानुवर्षे उंचीवर राहिलेल्या काहींच्या रक्तात तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढतात, रक्त दाट होते, ओठ जांभळे पडतात, कानांत आवाज येतात, डोके दुखते. रोगी खाली आणला की उतार पडतो. पुन्हा वर गेला की विकार परततो. या विकाराला आज मोंखे यांचेच नाव आहे. म्हणजे जी गोष्ट शरीर तारते, तीच अति झाली की शरीराला मारते.

येथे आमच्या सवयीचा प्रश्न उभा राहतो. ‘हे लोक उणे आहेत’ असे म्हटले की मजुरी कमी देता येते. ‘हे लोक त्या हवेसाठीच घडले आहेत’ असे म्हटले की विश्रांती, दवाखाना, कामाचे तास यांची जबाबदारी टाळता येते. मग खरी मर्यादा कोणी सांगावी?

तिचे उत्तर चिलीतील औकान्किल्चा येथील गंधकाच्या खाणीत मिळते. १९३५ साली शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय तुकडी तेथे गेली. मजूर सुमारे ५,३०० मीटरांवर राहत आणि रोज ५,८०० मीटरांवरच्या खाणीत चढून जात. ही पायपीट वाचावी म्हणून व्यवस्थापकांनी आणखी वर, सुमारे ५,६०० मीटरांवर, वस्ती बांधून दिली होती. मजुरांनी तेथे राहण्यास नकार दिला. वर भूक लागत नाही, वजन घटते, झोप येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. रोजची चढण त्यांनी पत्करली. त्यांच्याजवळ ना दाबमापक होता ना सूक्ष्मदर्शक. पण माणसाच्या कायम वस्तीची मर्यादा साधारण याच उंचीजवळ आहे, हे शास्त्रज्ञांनी मानले ते त्यांच्या सांगण्यावरून.

आज पेरूतील ला रिंकोनादा हे सोन्याच्या खाणीचे शहर ५,००० मीटरांच्या वर आहे. जगातील सर्वांत उंच वस्ती म्हणून त्याचे नाव घेतले जाते. तेथे अनेक मजूर महिनाभर मजुरीशिवाय राबतात आणि ठरलेल्या दिवशी जो दगड बाहेर नेता येईल तोच त्यांचा पगार. त्यात सोने निघाले तर नशीब. २०१९ पासून फ्रेंच शास्त्रज्ञ त्यांचे रक्त तपासत आहेत. तपासावेच, त्याने पुष्कळांचे प्राण वाचतील. परंतु दाट रक्ताला खाली उतरणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय, आणि खाली पोटाला काम नसेल तर मनुष्य उतरणार कोठे? वैद्याची चिठ्ठी येथे संपते आणि आमचे काम सुरू होते. शरीर किती सोसते हे शास्त्राने मोजावे. किती सोसायला लावावे, हे ठरवताना सोसणाऱ्यालाच आधी विचारावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.