शाळेतली परसबाग: फुल्यांची की राजाजींची?

शाळेची परसबाग म्हणजे गोरगरीब मुलांचा विरंगुळा, असे आम्ही मानत नाही. मुलांच्या हाती कुदळ कोण देतो आणि कशासाठी देतो, हा आमचा प्रश्न आहे.

१८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. त्यातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक आहे. पण वाचन, लेखन, हिशोब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे धडे हवेत आणि प्रत्यक्ष शिकण्यासाठी गावातल्या शाळेला लहानसे नमुना-शेत असावे, हेही त्यांनी त्यात मांडले होते. म्हणजे पुस्तकही आणि मातीही.

१९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी नेमके उलटे केले. खेड्यातल्या प्राथमिक शाळेचा वेळ कापला आणि उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा, असा बेत आखला. हे जातीच्या धंद्याचे शिक्षण आहे, असे म्हणत पेरियार आणि द्रविड चळवळ रस्त्यावर उतरली. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी योजना गुंडाळली.

आज शालेय पोषण आहाराला परसबागेची जोड दिली जाते. बागेतला शेवगा, पालक मुलांच्या ताटात येत असेल तर स्वागतच. पण तास बुडवून पाणी घालायला वस्तीतलीच पोरे जात असतील, तर ती राजाजींची बाग. सगळ्या जातींची मुले एकत्र खपतात, एका पंगतीत जेवतात आणि कोणाचाही गणिताचा तास बुडत नाही, ती फुल्यांची.

आपल्या शाळेतली बाग कोणाची? शाळा व्यवस्थापन समितीत बसून विचारा.

जय जोती, जय भीम!